बेडसाइड क्रिब घेताय? आधी स्वतःचा पलंग मोजा, आणि या चुका टाळा

आमचा पहिला बेडसाइड क्रिब, म्हणजे आईबाबांच्या पलंगाला चिकटवून बांधायचा बाळाचा छोटा पलंग, मी फोटो बघून घेतला होता. राखाडी कापड, लाकडी पाय, एका बाजूची जाळी झिपने खाली येणारी, बघताक्षणी आवडला आणि माप वगैरे काही डोक्यात आलंच नाही. जोडून पलंगाला लावायला गेलो तर त्याची कड आमच्या गादीपेक्षा चांगली चार बोटं वर, आणि पाय पलंगाखाली जाईनात कारण आमचा पलंग खाली सामान ठेवायचा, बॉक्सवाला, जमिनीपर्यंत बंद. म्हणजे नावाला बेडसाइड आणि प्रत्यक्षात पलंगापासून वीतभर लांब. नववा महिना चालू होता, मी तिथेच पलंगावर बसून रडले. नवरा म्हणाला, अगं पलंगच बदलू की. तेव्हा राग आला होता, पण त्याच्या बोलण्यात अर्धं तरी खरं होतं, कारण क्रिब नेहमी पलंगाला जुळवून घ्यायचा असतो आणि आम्ही ते उलटं करून बसलो होतो.

नंतर मैत्रिणींच्या, बहिणींच्या घरी क्रिब लावून देताना कळलं की ही चूक आमची एकट्याची नव्हती.

मापाची चूक

तर आधी टेप घ्या. जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत उंची मोजा, पलंगाच्या लाकडापर्यंत नाही. बरेच जण फ्रेमपर्यंतच मोजतात आणि गादी विसरतात. मग कडेला कोणालातरी झोपवा आणि परत मोजा, कारण गादी दबते, मऊ असेल तर दोन-तीन सेंटीमीटर सहज खाली जाते आणि रात्री तुम्ही त्याच दबलेल्या कडेवर असणार आहात. ही दोन्ही मापं घेऊन मगच क्रिब शोधायला बसा. त्यातही एक गोम आहे. वर्णनात क्रिबची जी उंची दिलेली असते ती बहुतेक वेळा जमिनीपासून सगळ्यात वरच्या कडेपर्यंतची असते, आणि आपल्याला हवी असते बाजू खाली केल्यावर उरणाऱ्या कडेची उंची आणि बाळाच्या गादीची उंची. ती दिलेली नसेल तर विकणाऱ्याला विचारा, त्याला माहीत नसेल तर दुसरा क्रिब बघा. पायांची उंची किती टप्प्यांत बदलते तेही विचारा, कारण दोन टप्प्यांत पाच सेंटीमीटरचं अंतर असेल तर तुमची गादी नेमकी मधे अडकते.

पलंग बॉक्सवाला असेल तर पाय आत दुमडणारा किंवा सरळ उभ्या पायांचा क्रिब लागतो. आणि पट्टे! बांधायचे पट्टे कुठे बांधायचे असतात हे कोणी बघतच नाही. काहींचे पलंगाच्या फ्रेमला गुंडाळायचे असतात, काहींचे गादीखालून पलीकडच्या बाजूला न्यायचे असतात, आणि मोठा डबलबेड असेल तर ते पुरतच नाहीत. पट्टा आखूड पडला म्हणून ओढणीची गाठ मारलेला क्रिब मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

फट, फट आणि फट

या सगळ्या मापामापीचं कारण एकच, क्रिब आणि पलंग यांच्यातली फट. नवजात बाळाला मान सावरता येत नाही, ते फटीत घसरलं आणि तोंड गादीला टेकलं तर ते तोंड बाजूला करू शकत नाही आणि ओरडूही शकत नाही. बोटभर फट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं खरं, पण रात्री आपण कुशीवर वळतो, पलंग हलतो आणि बोटभराची चार बोटं होतात.

म्हणून पट्टे आवळल्यावर क्रिबला गुडघ्याने जरा ढकलून बघा, पलंगावर दोनदा लोळून बघा, मग सांध्यात हात घाला. बोट आत जात असेल तर ते जोडणं झालेलं नाही. आणि हे एकदाच बघून चालत नाही, पट्टे सैल होतात, चादर बदलताना गादी सरकते, त्यामुळे रोज रात्री झोपायच्या आधी एक हात फिरवायची सवयच लावून घ्या.

फट बुजवायला टॉवेलची गुंडाळी, उशी, फोम असलं काही कोंबू नका. ते निसटतं, किंवा बाळाच्या तोंडाशी येतं. जमतच नसेल तर सरळ बाजू वर करून लॉक करा आणि क्रिब पलंगाशेजारी वेगळा उभा ठेवा. वाईट वाटतं हे मान्य, पण बाळाचा फायदा त्यात काही कमी होत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्येही बाळ निदान पहिले ६ महिने आईबाबांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं असंच आहे, क्रिब पलंगाला चिकटलेलाच हवा असं काही नाही.

अजून एक. बाजू पूर्ण खाली गेली आणि दोन्ही गाद्या एकसारख्या सपाट झाल्या की छान दिसतं, फोटोत तर फारच. पण युरोपात २०१९ मध्ये आलेल्या ईएन ११३० या मानकानुसार बाजू खाली केल्यावरही बाळाच्या गादीच्या वर निदान १२ सेंटीमीटरची कड राहायला हवी. बाळ गडगडत तुमच्या पलंगावर येऊ नये आणि तुमचं पांघरूण त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून ती कड असते. कोणाचा जुना क्रिब घेत असाल तर हे नक्की बघा, आधीचे काही अगदी सपाट होणारे असायचे. जुन्यात स्क्रू सगळे आहेत का, जाळी धड आहे का, आणि गादी त्याचीच मूळची आहे का हेही बघा. यातलं एक जरी नाही असलं तरी फुकट मिळत असला तरी नको.

मऊ गादीचा मोह

घरात कोणीतरी क्रिबच्या गादीवर हात दाबून म्हणतंच, केवढी कडक आहे ही, बाळाला टोचेल. आणि मग वरून एक मऊ गादी किंवा दुमडलेली रजई येते. नका करू. ती गादी कडक आणि सपाटच असायला हवी, बाळ ठेवल्यावर खड्डा पडता कामा नये. वरून दुसरी टाकली की कडेची उंची कमी होते, बाजूला नवीन फटी तयार होतात आणि मऊ पृष्ठभागात तोंड रुतायचा धोका आहेच. उशी नको, सुटं पांघरूण नको, खेळणी नको, चारी बाजूंनी लावायचे ते जाड बंपर तर अजिबात नको. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंपर विकायलाच बंदी आली, आणि त्याच कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त उताराचे झोपायचे प्रकारही बंद झाले.

उतारावरून आठवलं, काही क्रिबचे पाय वेगवेगळ्या उंचीवर लावता येतात आणि बाळ दूध ओकतं म्हणून डोक्याकडची बाजू उंच करायची सोय असल्याची जाहिरात असते. पण तसं केलं की बाळ घसरत खाली येतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. पाठीवर सपाट झोपलेल्या बाळाला ओकारी घशात अडकेल ही भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती, पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात जायला उलट अवघड जातं. ओकणं फारच असेल तर डॉक्टरांना दाखवा, क्रिब तिरका करू नका.

तुम्ही उतरणार कुठून?

हा मुद्दा कुठल्याच यादीत नसतो आणि पहिल्याच रात्री लक्षात येतो. क्रिब पलंगाच्या कडेला बांधला म्हणजे तुमची उतरायची बाजू बंद. दुसरीकडे नवरा झोपलेला, मग तुम्ही सरपटत पायथ्याकडून उतरणार, आणि सिझेरियन झालेलं असेल तर ते काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. त्यामुळे जागा ठरवताना झोपून बघा, उठून बघा, अंधारात बाथरूमपर्यंत जाऊन बघा. क्रिब जरा डोक्याकडे सरकवला तर कमरेपासून खाली पाय सोडायला जागा राहते, आमचं तसंच जमलं. बाजू एका हाताने उघडते का तेही दुकानातच बघा, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. आणि झिपचा आवाज ऐका. हसू नका, रात्री तीनला तो आवाज फार मोठा असतो.

बाकी बारीकसारीक सांगायचं तर चाकांना लॉक हवाच, झुलणारा असेल तर झुलणं बंद करता यायला हवं, आणि नवीन क्रिबला वास येत असेल तर आठवडा-दोन आठवडे आधीच जोडून खिडकीशी मोकळा ठेवा.

लावला, पण जमत नाहीये

बाळ मांडीवर गाढ झोपतं आणि क्रिबमध्ये ठेवलं की टक्क जागं. यात क्रिबचा दोष नसतो. पाठ मोकळी पडली की बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि ते हात फेकून दचकतं, मोरो रिफ्लेक्स म्हणतात ते हेच. ठेवताना आधी पाय, मग बूड, मग पाठ आणि शेवटी डोकं असं टेकवा, आणि हात लगेच काढू नका, छातीवर मिनिटभर राहू द्या. चादर गार लागत असेल तर ठेवायच्या आधी आपला तळवा फिरवून ऊब द्या, गरम पाण्याची पिशवी आत ठेवून विसरायचा धोका घेऊ नका.

बाळ रात्रभर कण्हतं, चुळबुळतं, तोंडं करतं म्हणून काही जण क्रिब लांब नेतात. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशीच चुळबुळीची असते, ते जागं नसतं. पटकन उचललंत तर मात्र खरंच जागं होतं. जरा थांबा, डोळे उघडून रडायला लागलं तर उचला.

बाळ सारखं एकाच बाजूला, जाळीकडे सरकलेलं दिसतं? गादी तिरकी आहे. फोनमधलं लेव्हलचं ॲप गादीवर ठेवून बघा, बहुतेक एक पाय एका टप्प्याने चुकलेला असतो. कुरकुर आवाज येतो? आठवड्यानंतर सगळे स्क्रू एकदा परत आवळा, कापड ताणलं की ते सैल होतातच. चादर सारखी निघते? मापाची इलॅस्टिकवाली घ्या, मोठी चादर खाली खोचून चालत नाही, आणि अंडाकृती गादीला चौकोनी चादर तर नाहीच नाही.

आणि हा क्रिब वर्षभर पुरेल या हिशोबाने घेऊ नका. बरेचसे ९ किलोपर्यंतचे असतात, पण वजनाच्या कितीतरी आधी वेळ संपते. बाळ कुशीवर वळायला, हातांवर रेटून छाती उचलायला लागलं की ती बुटकी कड त्याला पुरत नाही. आमचं पाचव्या महिन्यात एका पहाटे कडेवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होतं, अगदी खुशीत. त्याच दिवशी संध्याकाळी मोठा क्रिब जोडला, पट्टे सोडले, आणि मला परत माझ्या बाजूने उतरता यायला लागलं.