तळघरातले मिश्कील साधू: तैलचित्र कसं रंगवावं

युरोपातल्या मठांत साधू वाइन करत आणि चाखत, आणि त्यांची थट्टा करणारी चित्रं तिकडे खूप झाली. म्युनिकमध्ये काम केलेले एदुआर्ड फॉन ग्रूट्झनर (1846–1925) याच विषयासाठी ओळखले जातात. त्यांचे साधू वाइन चाखतात ती हिशेब तपासावा अशा गांभीर्यानं, आणि त्यातच गंमत येते. ढेरी फुगवून, दात काढून हसू येत नाही.

प्रसंग एकच घ्या. मठाचा कोठारी पिंपाच्या वरच्या भोकातून काचेची लांब नळी आत घालून नमुना काढतो, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरतो. दुसरा साधू खाली पेला धरून उभा. अंगठा सुटण्याआधीचा क्षण रंगवा. पेला भरला की मजा गेली. 16 बाय 20 इंची कॅनव्हासवर दोन-तीन अर्धाकृती पुरेत. डोकं अडीच इंचांपेक्षा लहान झालं तर नजर पकडता येत नाही.

झग्यासाठी धनगरी घोंगडी वापरा. ती कुणाच्या तरी अंगावर टाका, कमरेला दोरी बांधा, खोलीत अंधार करून एकाच मेणबत्तीत, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. लोकरीची घडी जाड, गोलसर पडते. सुती चादरीची बारीक, टोकदार पडते आणि झगा नाटकातला वाटतो. साधू फ्रान्सिस्कन पंथाचे असतील तर तपकिरी झगा आणि तीन गाठींची पांढरी दोरी, बेनेडिक्टाइन पंथाचे असतील तर काळा. एकाच मठात दोन्ही मिसळू नका.

तळघराच्या कमानीसाठी संभाजीनगरच्या दरवाजांचे फोटो हाताशी असतातच, पण भडकल दरवाजाची टोकदार कमान जशीच्या तशी उचलली तर चित्र तिकडचं वाटणार नाही, अर्धगोल घ्या. तोच घोटाळा द्राक्षांचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे मिळणारी लांबट, बिनबियांची द्राक्षं खायची. वाइनच्या बहुतेक जातींचे मणी लहान, गोल, घोस गच्च. शिवाय तिकडची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे वेलीची पानं पिवळी पडू लागलेली.

पिंप आडवं, लाकडी ओंडक्यांवर, भोक वर. 225 लिटरचं पिंप जवळपास 95 सेंटिमीटर लांब, पोटाशी सुमारे 70 रुंद. साधूशेजारी तेवढंच ठेवा. लोखंडी पट्टे पोटाच्या गोलाईबरोबर वळतात. सरळ ओढले की पिंपाचा खोका होतो.

पहिला थर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) आणि टर्पेंटाइनचा, पातळ. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत जा. उलटं केलं, म्हणजे तेलकटावर पातळ थर दिला, तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो. अंबर लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) फार सावकाश. म्हणून काळ्या झग्यावर किंवा वाइनवर घाईनं अंबर फिरवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टर्पेंटाइन पॅलेटवरच उडतं, तेव्हा झाकणाच्या डबीत थोडं-थोडं घ्या आणि काम सकाळी उरका. ओल्या कॅनव्हासवर धूळ बसू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून, किंचित पुढे कलता ठेवा.

पेल्यासाठी थोडं थांबा. काचेच्या पेल्यात बीटाचं पाणी भरून मेणबत्तीसमोर धरा. ज्योतीकडच्या काचेवर पांढरी चमक बारीकशी. पेटल्यासारखा लाल उजेड मात्र पलीकडच्या, खालच्या बाजूला साठतो, आणि मधला भाग जवळजवळ काळा दिसतो. सगळी वाइन सारखीच लाल रंगवली की सरबत होतं. पेला तिरका असला तरी आतली पातळी आडवीच. ती पेल्याबरोबर तिरकी झाली की काच प्लॅस्टिकची वाटते.

नाकाची लाली अगदी शेवटी, चेहरा वाळल्यावर. क्रिमझनचा कण भरपूर तेलात कालवून बोटानं चोळा, मग दहा पावलं मागे जा. डोळ्यांआधी नाक दिसलं तर चिंधीनं पुसून निम्मं करा.