सिंगापूरचा बचाव नकाशावर मांडताना या चुका टाळा

लष्करी इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून मी अनेक वर्षे एकच सराव करून घेतो : 1941 सालचे ब्रिटिश सिंगापूर नकाशावर मांडा आणि वाचवून दाखवा. दरवर्षी चुका मात्र त्याच होतात.

सर्वांत घातक चूक कुमकेच्या हिशेबातली आहे. मायदेशातून आरमार येईपर्यंत शिबंदीने तग धरावा, या एका गृहीतावर ब्रिटिशांचा सारा आराखडा उभा होता. हा अवधी 1937 मध्ये 70 दिवसांचा धरलेला होता. सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात युद्ध पेटल्यावर तो 180 दिवसांवर गेला. तोवरच्या बचावासाठी विमाने 336 हवीत असे ठरले, जपानशी युद्ध सुरू झाले तेव्हा हाताशी होती 158. जपानी सैन्य 8 डिसेंबर 1941 रोजी मलायाच्या (आजच्या मलेशियातल्या) उत्तरेकडील कोटा बाहरूला उतरले आणि तो दिवस धरून मोजल्यास सत्तराव्या दिवशी, 15 फेब्रुवारीला, ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हल शरण गेले. म्हणून मी कागदाच्या कोपऱ्यात आधी कुमकेचे दिवस लिहितो आणि त्याखाली धान्य, दारूगोळा व पाणी किती दिवस पुरेल ते लिहितो. हे आकडे जुळेपर्यंत मी एकही मोर्चा आखत नाही.

दुसरी चूक पाण्याची. एका हुशार मुलाने दहा मिनिटांत उत्तर किनाऱ्यावर मोर्चे लावले, सिंगापूर बेट मलायातल्या जोहोरला जोडणाऱ्या बांधावर लाल फुली मारली आणि पेन्सिल खाली ठेवली. जोहोरचे पाणी बेटावर कुठून येते, असे मी विचारले. नळाची रेघ धरून त्याचे बोट सरकत गेले आणि त्याच फुलीवर थांबले. 31 जानेवारी 1942 रोजी ब्रिटिशांनी बांध उडवला तेव्हा प्रत्यक्षात हेच घडले. पुढे बॉम्बफेकीने शहरातले नळही फुटले आणि तलावांतले उरलेसुरले पाणी वाया जाऊ लागले. दहा मिनिटांत संपवलेला आराखडा मी तपासायलाही घेत नाही.

तोफा फक्त समुद्राकडेच वळत होत्या, हे लिहू नका. अनेक तोफा जमिनीकडे वळत होत्या. पण त्यांच्याजवळचे गोळे मुख्यतः जहाजांचे चिलखत भेदणारे होते, पायदळाविरुद्ध फारसे उपयोगी नव्हते.

पायदळाला न विचारता धावपट्ट्यांच्या जागा ठरवू नका.

आणि सारा किनारा सारख्याच सैन्याने झाकू नका. पर्सिव्हल यांनी तेच केले, जरी उत्तरेकडून येणाऱ्या हल्ल्याचा अंदाज त्यांनी स्वतःच 1937 मध्ये मलायातले तेव्हाचे सेनापती जनरल डॉबी यांच्या हाताखाली असताना मांडला होता.