रायफलच्या सिंथेटिक दस्त्याला तडा गेलाय? गोंद उघडण्याआधी या चुका टाळा

दस्त्याला तडा दिसला की माणूस आधी गोंद शोधतो. इतकी वर्षं मी हेच बघतोय आणि दर वेळी जीव तुटतो. रायफल हातातून पडून दस्ता फुटला असेल तर कारण समोरच आहे. पण पडलीच नसताना तडा गेला असेल, तर कारण अजून आत बसलेलं आहे आणि तुम्ही त्याच्यावर इपॉक्सी ओतताय.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता भाग, काढून बाजूला ठेवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. यात सवलत नाही.

एक मित्र तोच दस्ता घेऊन तिसऱ्यांदा आला होता. टँगच्या, म्हणजे रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाच्या) मागच्या शेपटाच्या, लगेच मागे केसासारखी चीर. आधी दोनदा त्याने स्वतः चिकटवला होता आणि काम सफाईदार होतं. मी रिसीव्हर काढला आणि दस्ता दिव्याखाली धरला. टँगच्या टोकासमोरचं प्लास्टिक नखाएवढ्या जागेत घासून चकचकीत झालेलं. पुढे रिकॉइल लगच्या, म्हणजे रिसीव्हरखालच्या धातूच्या उंचवट्याच्या, मागची भिंत मात्र कोरी, साच्यातून निघाली तशीच खरखरीत. लग तिथे टेकतच नव्हता! बार उडाल्यावरचा झटका लगने घ्यायचा असतो. तो तिथे अडला नाही तर रिसीव्हर मागे सरकतो, टँग पाचरीसारखी दस्त्यात घुसते आणि तो चिरतो, मग तो लाकडाचा असो की नायलॉनचा. त्यात रिसीव्हरला दस्त्यात धरून ठेवणारा पुढचा स्क्रूही ढिला होता. असा दस्ता कितीही छान चिकटवा, तडा परत येणारच.

तो दस्ता मी पुन्हा चिकटवू दिला नाही. नवा आणला आणि लगच्या मागच्या बाजूला मार्करची शाई लावून रिसीव्हर बसवून पाहिला. भिंतीवर डाग उमटला तो एका कोपऱ्यात. मग तिथलं प्लास्टिक खरवडून, बारीक भोकं पाडून इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे लगला नीट टेकायला घट्ट बैठक, घातलं, टँगच्या मागे जेमतेम १ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली. त्यानंतर तिथे चीर आलेली नाही. बेडिंग करताना धातूला रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावायला आणि धातूमधली भोकं क्लेने बुजवायला विसरू नका, नाहीतर रिसीव्हर कायमचा दस्त्यात बसेल.

दुसरी चूक म्हणजे प्लास्टिक कोणतं हे न बघता चिकटवणं. दस्त्याच्या आतून, दिसणार नाही अशा जागेचा बारीक काप काढा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात टाका. तरंगला तर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन, आणि त्याला साधी इपॉक्सी धरतच नाही, सालीसारखी सुटून येते. तिथे वेळ घालवू नका, दस्ता बदला. बुडाला तर नायलॉन असू शकतं, पण काचतंतू भरलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडतं. म्हणून आतल्या बाजूला पीपी (पॉलिप्रॉपिलीन) की पीए (नायलॉन) असा छाप आहे का तेही बघा. हाताने थर देऊन बनवलेला फायबरग्लासचा दस्ता असेल तर नशीब चांगलं, तो सगळ्यात छान दुरुस्त होतो.

तेलाबद्दल किती सांगू! बंदुकीचं तेल तड्यात खोल मुरलेलं असतं. आधी पॉलिश पेपर मारला तर ते आणखी आत चोळलं जातं. मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, मग घासतो, मग पुन्हा पुसतो, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. ॲसिटोन प्लास्टिकवर नको.

सुपरग्लू नको, तो ठिसूळ असतो आणि झटक्याने तुटतो. पाच मिनिटांची इपॉक्सीही नको. घाई असेल तर रायफल महिनाभर कपाटात ठेवा, पण दुरुस्ती घाईत करू नका. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालणाऱ्यांना तर मी डबाच देत नाही: प्रमाण चुकलं की मिश्रण कायमचं मऊ राहतं. तड्याच्या टोकाला २ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे पळतो. कडा इंग्रजी व्हीसारख्या तासा, फायबरग्लास असेल तर आतून काचकापडाचा थर द्या. चोवीस तासांत हाताला कडक लागलं तरी मी आठवडाभर बार काढत नाही.

तडा मनगटात, म्हणजे पकडीच्या बारीक भागात, आरपार गेला असेल तर दुरुस्ती नाही. तो भाग चेहऱ्याच्या जवळ असतो. नवा घ्या.

आणि नवा घेतल्यावरची चूक माझ्या मते सगळ्यात वाईट: जुनेच स्क्रू न मोजता लावणं. नव्या दस्त्याची जाडी थोडी कमी असली की पुढचा स्क्रू वर जास्त निघतो आणि बोल्टच्या वाटेत येतो. एका नवख्या मुलाला बोल्ट जड लागला. त्याने विचार न करता तळहाताने ठोकून बंद केला. उघडला तेव्हा बोल्टच्या स्वतःच्या लगवर, म्हणजे तो बंद झाल्यावर अडकवून धरणाऱ्या उंचवट्यावर, चंद्रकोरीसारखा ताजा ओरखडा होता. स्क्रू घासून दोन आटे आखूड केला असता तर काम झालं असतं. स्क्रू कसण्याआधी बोल्ट जसा सरकत होता, कसल्यावरही तसाच सरकला पाहिजे. जरा जरी फरक लागला तरी थांबा आणि स्क्रू काढून मोजा.

कसतानाही अंदाज नको. रायफलच्या मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर आत धातूचे पिलर नसलेल्या साध्या प्लास्टिकला मी २ ते ३ न्यूटन मीटरच्या वर जात नाही, आणि टॉर्क स्क्रू ड्रायव्हरशिवाय कसतच नाही. पिलरशिवाय जास्त कसलं की प्लास्टिक दबतं, स्क्रू पुन्हा ढिला पडतो आणि रिसीव्हर पुन्हा मागे सरकायला लागतो. म्हणून पहिल्या वीस बारांनंतर मी दोन्ही स्क्रू परत तपासतो आणि टँगमागची ती १ मिलिमीटरची फट टॉर्च मारून बघतो.