आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कोडिंगसाठी व्हर्च्युअल मशीन

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि 8 जीबी रॅम असते. त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) डेस्कटॉप चालवायचा हट्ट सोडा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) फक्त कमांडवर चालणारा उबुंटू सर्व्हर 24.04 टाका आणि कोड लिहायचा एडिटर विंडोजमध्येच ठेवा. सर्व्हरची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) सुमारे 3 जीबीची, डेस्कटॉपची त्याच्या दुप्पट. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरची सोय, म्हणजे इंटेलसाठी व्हीटी-एक्स, एएमडीसाठी एसव्हीएम, चालू करा. मशीन सुरू केल्यावर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीन यंत्रणा हायपर-व्ही आड येतेय आणि मशीन कासवाच्याच चालीने चालणार. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढा, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी बंद करा. मग डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमधूनच लिनक्स चालवायची सोय) चालणार नाही, हे गृहीत धरा.

मशीनला 2048 एमबी रॅम, 2 सीपीयू आणि 40 जीबीची डायनॅमिक (वापरेल तशी वाढणारी) डिस्क द्या. डेटाबेसही आत असेल तर रॅम 3072. सगळे सीपीयू देऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, प्रोसेसर तापला की आपला वेग स्वतःच उतरवतो. अनअटेंडेड (आपोआप होणारं) इन्स्टॉलेशन बंद ठेवा. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स परस्पर यूझर बनवतो आणि त्याला सुडोचे (ॲडमिनचे) अधिकार नसतात.

इन्स्टॉल करताना सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे डिस्कचं पान. एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी सोय) तसंच ठेवलं तर इन्स्टॉलर 40 जीबीतली साधारण निम्मीच जागा वापरतो. बाकीची पडून राहते आणि महिनाभरात ‘डिस्क फुल’ येतं. म्हणून सारांशाच्या पानावर उबुंटू-एलव्ही निवडा, एडिट करा आणि साइज कमाल करा. पुढे ओपनएसएसएच सर्व्हरवर (विंडोजमधून मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) खूण करायला विसरू नका.

नेटवर्क नॅटच (मशीनने विंडोजच्याच इंटरनेटवरून जायची पद्धत) राहू द्या. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्ट (विंडोज) 2222 ते गेस्ट (मशीन) 22, आणि वेबसाठी 3000 ते 3000. आता मशीन हेडलेस (खिडकीशिवाय) सुरू करून व्हीएस कोड या एडिटरच्या रिमोट एसएसएचने 127.0.0.1 च्या 2222 पोर्टवर जोडा. एसएसएच लागतं पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी तुमचा डेव्ह सर्व्हर आतल्या 127.0.0.1 वरच ऐकत असतो, त्याला 0.0.0.0 वर ऐकायला सांगा.

कोड शेअर्ड फोल्डरमध्ये (विंडोज आणि मशीन दोघांना दिसणाऱ्या) ठेवू नका. तिथे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) सहसा बनत नाहीत, त्यामुळे एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजेस टाकणारी कमांड) मध्येच अडकतं. फाइल बदलल्याची खबरही आत पोचत नाही, म्हणून पान आपोआप रिफ्रेश होत नाही.

लाइटचा भरवसा नाही आणि बॅटरी मेलेली, अशा लॅपटॉपवर काम थांबवताना ‘सेव्ह स्टेट’ करा. ‘पॉवर ऑफ’ म्हणजे थेट वायर उपटणं. अचानक लाइट गेली तर फाइल सिस्टम बहुतेक वेळा सावरते, न लिहिलेला डेटा मात्र जातो. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) मशीन बंद असताना घ्या, म्हणजे रॅमचा भार त्यात येत नाही. काम झाल्यावर डिलीट करा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्याला बॅकअप समजू नका.

वर्गात एकानेच सगळं डाउनलोड करून ओव्हीए (तयार मशीनची एकच फाइल) एक्स्पोर्ट करावी, बाकीच्यांनी पेनड्राइव्हवरून घ्यावी. पेनड्राइव्ह फॅट 32 असेल तर 4 जीबीपुढची फाइल कॉपीच होत नाही. आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. इम्पोर्ट करताना नवीन मॅक ॲड्रेसचा (नेटवर्क कार्डच्या क्रमांकाचा) पर्याय निवडा आणि पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदला.