अग्निशामक भरती: खरी तयारी ५० किलोच्या डमीची

सोलापुरातली बरीच पोरं पोलिस भरतीसोबत अग्निशामकाचाही अर्ज भरतात आणि दोन्हींसाठी नुसती पळत राहतात. पळणं लागतंच, पण कच्चं राहतं ते माणूस उचलणं, म्हणजे चाचणीतली माणसाच्या आकाराची ५० किलोची डमी खांद्यावर घेणं.

आधी कागद. महापालिकांच्या बहुतेक जाहिराती दहावीसोबत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम मागतात. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या खासगी संस्थेत फी भरण्याआधी मागच्या दोन-तीन जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हता शब्दन् शब्द वाचा. त्या संस्थेच्या डिप्लोमाचं नाव तिथे नसेल तर एक रुपयाही देऊ नका. एमएस-सीआयटी उरकून ठेवा.

उंची अनवाणी, भिंतीला टाचा लावून मोजा. पुरुषांसाठी साधारणपणे १६५ सेंमी उंची, ५० किलो वजन आणि ८१ सेंमी छाती (फुगवून ८६) लागते.

पळणं होम मैदानावर पहाटेच उरका, उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. काही भरत्यांत उंचावरून जम्पिंग शीटवर, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडावर, उडी असते. ती घरच्या गच्चीवरून करून पाहू नका.

आता डमी. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. धुरात बेशुद्ध पडलेला माणूस तुम्हाला धरत नाही, त्याचं सगळं अंग लोंबतं. म्हणूनच जिममध्ये ८० किलोचा बार उचलणारा ५० किलोच्या डमीशी झुंजत बसतो. बारला पकड असते, लोंबत्या अंगाला नसते.

सरावाला सिमेंटची गच्च भरलेली गोणी घेऊ नका, ती खांद्यावर वाकतच नाही. दोन पोती तोंडाला तोंड लावून शिवा, कोरडी वाळू भरा आणि सैल ठेवा. सुरुवात २० किलोने करा, दर आठवड्याला पाच किलो वाढवा. सातव्या आठवड्यात ५० किलोवर पोचाल. घाई केली तर कंबर धरेल आणि महिना वाया जाईल.

डमी उभी करून डाव्या हाताने तिचं उजवं मनगट धरा. त्या हाताखालून डोकं घाला, गुडघे वाका आणि उजवा खांदा तिच्या ओटीपोटाला भिडवा. उजवा हात दोन मांड्यांमधून घालून पाय आवळा. पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठा. कंबरेतून वाकून ओढलंत की वजन सगळं मणक्यावर येतं. बहुतेकांची चूक इथेच होते.

उठल्यावर मनगट उजव्या हातात घ्या, म्हणजे डावा हात शिडीसाठी मोकळा राहतो. वजन मानेमागे दोन्ही खांद्यांवर सारखं बसलं पाहिजे. एका बाजूला लटकलं तर दहा पावलांत तोल जाईल. तसं वाटलं तर धावू नका, जागेवर थांबून एक हलका झटका द्या आणि वजन नीट बसवा. मग आखूड पावलं टाका, नजर समोर.

५० किलोचं पोतं सहज झेपायला लागलं की तेवढ्याच वजनाच्या मित्राला गवतावर उचला. त्याला अंग पूर्ण सैल सोडायला सांगा. तो स्वतःचा तोल सांभाळत असेल तर तुमचा सराव झालाच नाही.