टेबल रनर आणि मॅट क्विल्ट करताना या चुका टाळा

पलंगावरच्या गोधडीला थोडा झोळ आला तरी चालतो. ती अंगावर ओढली की सगळं झाकून जातं. टेबलावर तशी सोय नाही. खाली कडक, सपाट फळी असते, वर पेला उभा राहायचा असतो आणि माणसं चारही बाजूंनी त्याच कापडाकडे बघत असतात. शिवाय ते वरचेवर धुवावंही लागतं. म्हणून रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायची लांब पट्टी) असो की मॅट (ताटलीखालचं छोटं कापड), ती सपाट बसलीच पाहिजे. खालच्या बहुतेक चुका त्यातच घोळ घालतात, आणि बऱ्याचशा मशीनला हात लावण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

नक्षी आधी, टेबल नंतर

फोटोतली नक्षी आवडली म्हणून कापड कापायला घ्यायचं आणि मग ती टेबलाला बसवत बसायचं, हा क्रमच उलटा आहे. आधी टेबल मोजा. रनरची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा आणि दोन्ही टोकांना ६-६ इंच लोंबू द्या. ३६ × ६० इंची टेबलाला १२ × ७२ इंचांचा रनर शोभतो. टोकाच्या खुर्चीवर रोज कुणी बसत असेल तर लोंबता भाग मांडीवर येतो. तिथे रनर टेबलाच्या कडेच्या ३-४ इंच आतच संपवा.

ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला नक्षीचा एक चौकोन, निवडताना या मापाला नि:शेष भाग जाईल असा घ्या. ६ इंची ब्लॉक असेल तर १२-१२ च्या दोन ओळी, एकूण २४. ५ इंची ब्लॉकच आवडला असेल तर रुंदी १० किंवा १५ इंच करा. ब्लॉक मध्येच कापून माप जुळवलं तर कडेला नक्षी तुटते, आणि तेच आधी डोळ्यांत भरतं.

सगळ्यांत कष्टाचा ब्लॉक मधोमध लावायचा मोह आवरा. रनरच्या मध्यावर फुलदाणी किंवा मोठं भांडं येणार आहे आणि तुमची मेहनत त्याखाली जाणार आहे. बारकाईचं काम टोकांकडे घ्या. मॅटचंही तसंच. १२ × १८ इंची मॅटवर साडेदहा इंची ताटली ठेवली की डावी-उजवीकडे जेमतेम पावणेचार इंच उरतात. नक्षी त्या दोन पट्ट्यांत दिसते. मधला भाग साध्या कापडाचा आणि साध्या टिपांचा ठेवला तर काम निम्म्यावर येतं आणि ताटलीही डगमगत नाही.

पक्षी, झाडं, अक्षरं अशा एकाच दिशेच्या आकृत्या समोरच्याला उलट्या दिसतात. अशी नक्षी घ्यायचीच असेल तर मध्यापासून ती दोन्ही टोकांकडे फिरवा. अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला.

नक्षी शोधायला फार लांब जावं लागत नाही. जमिनीच्या फरशा, खिडकीच्या जाळ्या, विटांची बांधणी हे टेबलासाठी खास उपयोगी, कारण फरशीची नक्षी बहुधा चारही बाजूंनी सारखीच असते. चूक होते ती पूर्ण चित्र उतरवून घेण्यात. त्यात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान चौकोन शोधा, तेवढाच ग्राफ पेपरवर एक चौकट म्हणजे एक इंच या हिशेबाने काढा, आणि त्याचे चौकोन-त्रिकोण पाडता येतात का ते बघा. वळणदार रेषा आली तर ती तुकड्यांनी जोडण्याचा हट्ट धरू नका. ती वरून टीप मारून उतरवा. क्विल्टमध्ये नक्षीचे दोन थर असतात, तुकड्यांचा आणि टिपांचा, हे विसरलं की दोन्ही एकमेकांवर ओरडतात. वरचं कापड गजबजलेलं असेल तर टिपा सरळ ठेवा. कापड एकरंगी असेल तर टिपांना बोलू द्या. अशा कापडावर साशिको या जपानी भरतकामातल्या लाटा किंवा गोधडीच्या धावदोऱ्यासारख्या जवळजवळच्या समांतर ओळीही सुरेख दिसतात.

रंग निवडून झाले की सगळी कापडं शेजारी मांडून कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवं डोळ्यांना कितीही वेगळं वाटलं तरी फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे निघाले तर नक्षी दोन हातांवरूनही उठून दिसणार नाही. एक फिकं, एक मध्यम, एक गडद एवढं तरी हवं. छापाचा आकारही बघा. वीतभर फुलांचं कापड २ इंची तुकड्यांत कापलं की फूल राहत नाही, नुसते रंगाचे डाग उरतात.

कापड आणि मधला भराव

कापड न धुता शिवणं ही नेहमीची चूक. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ७२ इंचांच्या रनरमध्ये ४ टक्के म्हणजे जवळजवळ ३ इंच गेले. आटल्यावर येणारा चुरगळलेपणा गोधडीवर गोड दिसतो, पण टेबलावर पेला तिरका करतो. सगळी कापडं, अस्तरासकट, धुऊन घ्या आणि हलकी खळ लावून इस्त्री करा. लाल, गडद निळं, काळं ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि तरीही जात असेल तर ते कापड या कामाला नको.

मधला भराव, म्हणजे बॅटिंग, पातळ आणि सुती घ्या. फुगीर पॉलिएस्टरने मॅट उशीसारखी होते आणि तापलेलं भांडं ठेवल्यावर तिथेच कायमची दबते. पातळ क्विल्टेड मॅट उष्णता पूर्ण अडवत नाही, हेही ध्यानात असू द्या. चुलीवरून उतरवलेलं भांडं ठेवायचं असेल तर सुती बॅटिंगचे दोन थर घ्या, किंवा उष्णतारोधक चकचकीत बॅटिंगबरोबर एक सुती थर ठेवा. असं चकचकीत बॅटिंग घातलेली वस्तू मायक्रोवेव्हमध्ये मात्र कधीच ठेवू नका.

पाव इंचाची माया

माया म्हणजे शिवणीपासून कडेपर्यंत सोडलेलं कापड. टेलरच्या हिशेबात पाव इंच म्हणजे दोन सूत. तुमची शिवण अर्धं सूत जास्त आत गेली तर दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत जातं. १२ ब्लॉकच्या ओळीत ११ शिवणी असतात, म्हणजे ११ सूत, म्हणजे १ इंच ३ सूत. दुसरी ओळ थोडी वेगळी शिवली गेली की दोन ओळी एकमेकींना जुळतच नाहीत. मग ताणून जुळवलं जातं आणि झोळ तिथूनच सुरू होतो.

आधी चाचणी घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर सुई किंचित उजवीकडे सरकवा, किंवा मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीची खूण नव्याने लावा. जोडकामाला टाका २ ते २.५ मिलिमीटर.

त्रिकोणांची कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, असते, नुसत्या हाताळण्यानेही ताणली जाते. ३ इंची चौकोन दोन त्रिकोणांचा हवा असेल तर हिशेबाने मूळ चौकोन ३ इंच ७ सूत कापायचा. त्यापेक्षा ४ इंच कापा आणि शिवून झाल्यावर छाटून मायेसकट साडेतीन इंच करा. एक सूत कापड वाया जातं, पण कोपरे नेमके येतात. इस्त्री पुढे-मागे घासू नका. उचला, ठेवा, दाबा.

तीन थर एकत्र करताना

अस्तर आणि बॅटिंग वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी २-२ इंच मोठं कापा. टिपा पडतात तसे थर आत ओढले जातात, आणि नेमक्या मापाचं अस्तर कडेला अपुरं पडतं. अस्तर टेबलावर उलटं पसरून कडेने चिकटपट्टीने ताठ चिकटवा. ताठ म्हणजे सुरकुती नको एवढंच. ओढून ताणलं तर पट्टी काढताच ते आकसतं आणि चुण्या पाडतं. वर बॅटिंग, वर सुलटं कापड. मध्यापासून कडेकडे ३-४ इंचांवर सेफ्टी पिना लावा. तळहात कुठेही टेकवला तर त्याखाली एक तरी पिन लागली पाहिजे.

खूण करायच्या पेनांबद्दल दोन गोष्टी. इस्त्रीने जाणारी शाई थंडीत परत उमटू शकते. पाण्याने जाणाऱ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती कापडात पक्की बसते. फिकट कापडावर बोथट सुईने किंवा नखाने पाडलेली घडीची रेष सगळ्यांत बिनधोक.

टिपा मारताना

साधा प्रेशर फूट वरचा थर पुढे ढकलतो आणि खालचे दाते खालचा थर मागे ओढतात. चुण्या त्यातून येतात. वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा वॉकिंग फूट लावा, टाका २.५ ते ३ मिलिमीटर करा, सुई ९०/१४ ची घ्या. साधारण ८ तास शिवणकाम झालं की सुई बदला. टाके सुटायला लागले की मशीनवर राग काढण्याआधी सुई बघा.

पहिली टीप लांबीच्या दिशेने बरोबर मध्यातून जाऊ द्या, मग एकेक करत बाहेर या. समांतर टिपा सगळ्या एकाच टोकापासून सुरू करा. एक वरून खाली आणि शेजारची खालून वर मारली की दोन टिपांमधलं कापड तिरकं ओढलं जातं आणि तिरप्या चुण्या दिसतात. इस्त्रीने त्या जात नाहीत. दोन टिपांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवा, वरचेवर धुण्याच्या वस्तूला १ ते २ इंच योग्य. मध्ये दाट आणि कडेला विरळ झालं तर मध्य आकसतो आणि कड झालरीसारखी हलते.

खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फासे दिसत असतील तर वरचा दोरा ढिला आहे. बहुतेक वेळा तो टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो, कारण प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला गेलेला असतो. फूट वर करून पुन्हा ओवा, मगच टेन्शनचा आकडा फिरवा. बॉबिनचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे, अर्ध्या-अर्ध्या आकड्याने कमी करा. तपासणी नेहमी त्याच कापडांच्या आणि बॅटिंगच्या तुकड्यावर. दोन पदरी चिंधीवर नीट चालणारं टेन्शन तीन थरांवर चालेलच असं नाही.

कडेची पट्टी

क्विल्ट झाल्यावर आधी काटकोनात छाटा. मोठं स्केल कोपऱ्याला आणि आतल्या एखाद्या शिवणीला एकदमच जुळवून धरा, नुसती कड बघून कापू नका.

पट्टी अडीच इंच रुंद, लांबीकडून दुमडून दुहेरी. सरळ कडेला आडव्या धाग्यावर कापलेली पट्टी चालते. गोल टेबलाच्या कापडाला किंवा गोलाई दिलेल्या कोपऱ्यांना उरेब पट्टीच हवी, सरळ पट्टीने कोपरा वाटीसारखा वर उचलला जातो. १२ × ७२ च्या रनरचा परिघ १६८ इंच, वर १० इंच जोडासाठी, म्हणजे १७८. कापडाची ४० इंच रुंदी हाती येत असेल तर ५ पट्ट्या, एकूण साडेबारा इंच कापड. पट्ट्या तिरक्या जोडा, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही.

हलणाऱ्या कडेचं मोठं कारण इथे आहे. पट्टी कडेवर ठेवून ती जाईल तिथवर शिवली जाते. कड ताणलेली असली तर पट्टी तो ताण कायमचा बांधून ठेवते. त्याऐवजी रनरची लांबी मधून मोजा, पट्टीवर तेवढ्याच अंतरावर खुणा करा, आणि कड त्या खुणांमध्ये टाचण्यांनी सामावून घ्या. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, टाका पक्का करा, पट्टी तिरकी वर दुमडा, पुन्हा खाली आणून पुढच्या कडेला लावा. त्याच्याही अलीकडे थांबलात तर कोपऱ्यात भोक राहतं, कडेपर्यंत गेलात तर टोक गोल येतं.

पट्टी न लावता, कापडं सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवायची आणि फटीतून उलटवून सुलट करायची पद्धत मॅटसाठी सोपी आहे, पण त्यात बॅटिंग शिवणीलगत छाटायला विसरलं की कड जाड आणि गुबगुबीत होते. उलटवायला ५ इंचांची फट ठेवा, ती लांब सरळ बाजूला, कोपऱ्याजवळ नको.

शिवून झाल्यावर लक्षात आलं तर

कड थोडी हलत असेल तर रनर ओला करून सपाट पसरा, हातांनी काटकोनात आणा आणि तसाच वाळवा. तेवढ्याने भागलं नाही तर पट्टी उसवा, कडेपासून अर्ध्या आणि एक इंचावर दोन जादा टिपा मारा, पुन्हा छाटा आणि पट्टी मधल्या मापाने लावा. अस्तराला एखादीच चुणी असेल तर चुणीच्या दोन्ही बाजूंना ३-३ इंच टीप उसवा, कापड बोटांनी दोन्हीकडे पसरवा आणि हाताने तेवढाच भाग शिवा. धुताना रंग पसरला तर कापड वाळू देऊ नका, लगेच भरपूर पाण्यात थोडा साबण घालून बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा. ठेवताना घडी घालू नका. पुठ्ठ्याच्या नळीवर सुलटी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. घडीची रेघ बॅटिंगमध्ये बसली की पुढच्या वेळी पेला नेमका तिथेच हलतो.