फायबर काँक्रीटचा पुनर्वापर करताय? या चुका टाळा

सळईचा स्लॅब तोडला की सळई दिसते. कापता येते, ओढून काढता येते. फायबर काँक्रीट, म्हणजे सळईऐवजी किंवा सळईसोबत स्टील, प्लास्टिक किंवा काचेचे बारीक तंतू मिसळलेलं काँक्रीट, असं सरळ वागत नाही. घनमीटरला 30 किलो स्टील फायबर टाकलेला फ्लोअर घ्या. तार 50 मिमी लांब आणि 1 मिमी जाड धरली, तर त्या एका घनमीटरमध्ये जवळजवळ एक लाख तारा आहेत. त्या हाताने कोण वेचणार? तरीही बहुतेक जण साध्या राडारोड्यासारखंच हे काँक्रीट क्रशरमध्ये ढकलतात.

सगळा माल एकाच ढिगात ओतणे

माझ्या मते अर्धं नुकसान इथेच होतं. स्टील चुंबकाला लागतं, पॉलिप्रोपिलीन (प्लास्टिकचे तंतू) लागत नाही, काचेचे तंतू तर खडीपासून वेगळेच होत नाहीत. कारण त्यांची घनता पाण्याच्या 2.7 पटीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दगडाइतकीच. एकदा ढीग मिसळला की कुठलीच पद्धत धड चालत नाही. शक्य असेल तर पाडकामाआधी मूळ मिक्स डिझाइन (काँक्रीटमध्ये काय किती टाकलं याचा कागद) मिळवा. कागद नसतील तर ताजा तुटलेला पृष्ठभाग बघा: टोकाला आकडा (हुक) असलेली तार दिसली तर स्टील, पांढरट केस किंवा पट्ट्या दिसल्या तर प्लास्टिक.

जुने सिमेंटचे पत्रे आणि पाइप मात्र तोडून बघू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक खनिज तंतू) असू शकतं. शंका असली तरी नमुना प्रशिक्षित माणसाकडून काढून प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर ते क्रशरच्या जवळपासही नकोत.

जॉ क्रशरवरच भागवणे

तडा गेला तरी तुकडे धरून ठेवायचे, यासाठीच तर फायबर टाकलेलं असतं. क्रशरमध्येही ते आपलं काम इमानाने करतं. जॉ क्रशरमधून आलेला एखादा गोळा हातात घेऊन वाकवून बघा. फुटलेला दिसतो, पण बिजागरीसारखा वाकतो, सुटत नाही. जॉ फक्त दाबतो. तार उपसून काढायला फटका लागतो. म्हणून पहिला टप्पा जॉचा आणि दुसरा इम्पॅक्ट क्रशरचा (फटके मारून फोडणारा) ठेवा. त्याचे फटके मारणारे ब्लो बार लवकर झिजतील, तो खर्च आधीच धरून चाला.

असे लोंबते गोळे हॉपरच्या तोंडाशी अडकून कमान धरतात. आमच्याकडे तर पट्टा आणि रोलरच्या मध्ये तारांचा गुंता साचला आणि पट्टा उभा चिरला गेला. तेव्हापासून मशीन पूर्ण बंद करून, वीज तोडून, दर पाळीला तो कोपरा साफ होतो.

एका चुंबकावर भरवसा

पट्ट्यावर मालाचा थर जाड असेल तर तळाच्या तारा वरच्या चुंबकापर्यंत पोचतच नाहीत. थर पातळ करा आणि प्रत्येक क्रशरनंतर चुंबक लावा. धूळ दाबायला पाणी हवंच, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. पण फवारा बारीक ठेवा. माल चिखल झाला की तारा त्यातच रुततात आणि चाळणीही बुजते. ऑस्टेनिटिक (म्हणजे सहसा चुंबकाला न चिकटणाऱ्या) स्टेनलेस स्टीलची तार चुंबकाला जवळजवळ लागतच नाही, हेही लक्षात असू द्या.

वसुली नीट होते का, हे वजनावरून कळतं. एका घनमीटरच्या 2,400 किलोत 30 किलो म्हणजे सव्वा टक्का. 10 टन मालातून 125 किलो तार यायला हवी. 60 किलोच आली तर उरलेली खडीत गेली. आणि 200 किलो आली तर खूश होऊ नका, ते जास्तीचं वजन तारेला चिकटलेल्या मॉर्टरचं (सिमेंट-वाळूच्या थराचं) आहे. भंगारवाला तेवढं वजन हिशोबातून कापणार किंवा मालच परत करणार. असे तुकडे पुन्हा इम्पॅक्टमध्ये घाला.

प्लास्टिक आपोआप तरंगेल असं मानणे

पॉलिप्रोपिलीनची घनता पाण्याच्या 0.91 पट, म्हणजे स्वच्छ तंतू तरंगणारच. पण मॉर्टरचा कण चिकटला की तोच तंतू बुडतो. मोठे तंतू चाळणी आणि हवेच्या झोताने बऱ्यापैकी निघतात. 6 ते 12 मिमीचे केसासारखे तंतू मात्र बारीक चुऱ्यात अडकून राहतात. धुतलेलं पाणी सरळ गटारात सोडू नका, त्याचा पीएच सहज 12च्या वर जातो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी होतं. आणि प्लास्टिक जाळून टाकायचा सोपा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका.

सुटलेला माल नव्यासारखा वापरणे

खडीला जुनं मॉर्टर चिकटलेलं असतं, त्यामुळे ती नैसर्गिक खडीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. कोरडी टाकली तर स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) बघता बघता पडतो. आधी भिजवा आणि ओल धरून मिक्सचं पाणी ठरवा. खडीत उरलेल्या तारा वरच्या थरात आल्या की गंजाचे डाग पडतात, म्हणून दिसणाऱ्या पृष्ठभागासाठी ती नको. बारीक चुरा भरावासाठी किंवा रस्त्याच्या पायाथरासाठी ठेवा.

वसूल झालेली तार पुन्हा काँक्रीटमध्ये घालायची असेल तर किलोला किलो हिशोब चालत नाही. काहींचे आकडे सरळ झालेले, काही वाकलेल्या, काहींवर मॉर्टर. वाकड्या तारा एकमेकींत अडकून मिक्सरमध्ये गोळे करतात. थोड्या थोड्या, पसरून सोडा. आधी ईएन 14651 या युरोपीय चाचणी मानकाप्रमाणे खाच पाडलेल्या बीम ओतून तडा गेल्यानंतरची ताकद मोजा, नव्या तारेच्या बीमशी ताडून बघा आणि मगच प्रमाण ठरवा.